दरपत्रकावर न लिहिलेली किंमत

धर्मादाय संस्थेच्या सभेत खरेदीचा विषय बहुधा शेवटी येतो. त्याआधी अनुदानाचा विचार झालेला असतो, नव्या उपक्रमाची चर्चा झालेली असते, वार्षिक समारंभाला अध्यक्ष म्हणून कोणास बोलवावे यावर पुरेसा काळ गेलेला असतो. आणि मग, मंडळी घड्याळाकडे पाहू लागली असता, कारकून तीन दरपत्रके व त्यांवरून तयार केलेला तुलनात्मक तक्ता अध्यक्षांपुढे सरकवितो. तक्त्यात वस्तूचे नाव असते, नग असतात, तीन पुरवठादारांचे दर असतात, कर आणि वाहतूक असते. आणि ज्या दराखाली तांबड्या शाईने रेघ ओढलेली असते त्या दराला मंजुरी देऊन सभा बरखास्त होते. या रीतीत लबाडी नाही. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा काटकसरीने खर्चावा या सद्हेतूनेच ती रूढ झाली आहे. मी स्वतः एका लहान शिष्यवृत्ती-संस्थेच्या खरेदी समितीवर बरीच वर्षे काम करीत आलो आहे, त्या तांबड्या रेघेखाली मीही सह्या केल्या आहेत, आणि त्या रेघेविषयीच आज मला लिहावयाचे आहे.

एका जून महिन्यातील सभेत आमच्यापुढे दोन विषय लागोपाठ आले. पहिला, विद्यार्थ्यांना द्यावयाच्या दोनशे दप्तरांच्या खरेदीचा. दुसरा, त्या वर्षीच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या छाननीचा. दप्तरांच्या बाबतीत तिघांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याची शिफारस होऊन ती तत्काळ मंजूर झाली. मग अर्जांचा गठ्ठा उघडला, आणि त्यातील एका अर्जात ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात एका मुलीने वळणदार अक्षरात लिहिले होते : कचरा वेचणे. तो अर्ज सर्वानुमते मंजूर झाला, आणि आज दोन चांगली कामे झाली या समाधानात आम्ही घरी गेलो. दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीच त्या दप्तरांच्या चेनी निकामी झाल्या, पट्ट्यांची शिवण उसवली, आणि ज्या कृत्रिम कापडाची ती केली होती ते इतके तकलादू होते की चांभाराचा टाकाही त्यावर टिकेना. वर्ष उलटण्याच्या आत बहुतेक दप्तरे केराच्या पेटीत गेली. ती पुढे नेमकी कोणाच्या हाताखालून गेली हे मला सांगता येणार नाही. परंतु आमच्या शहरातील टाकाऊ वस्तूंचा प्रवास ज्या हातांवाचून होत नाही ते हात कोणाचे, हे आम्ही त्याच सभेत, त्याच टेबलावर, एका मुलीच्या अक्षरात वाचलेले होते.

तेव्हापासून एक विचार मला सोडीत नाही. आम्ही जी रक्कम वाचविली असे तक्ता सांगत होता, ती वाचली नव्हती. ती केवळ आमच्या जमाखर्चातून उठून दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडली होती. प्रत्येक वस्तूची एक किंमत दरपत्रकावर लिहिलेली असते आणि एक लिहिलेली नसते. ती न लिहिलेली किंमत वस्तू घडताना नासलेल्या पाण्यात, ती चालताना जाळलेल्या कोळशात आणि ती मेल्यावर साचलेल्या ढिगाऱ्यात असते; आणि ती कोणास तरी भरावीच लागते. ती श्रीमंत भरीत नाही. ज्यांच्या वस्तीलगत कचऱ्याचा डोंगर उभा राहतो, ज्यांच्या शेतावर औष्णिक केंद्राची राख उतरते, ज्यांना नदीचे पाणी आहे तसे प्यावे लागते, ते ती भरतात. आणि धर्मादाय संस्था ज्यांच्यासाठी स्थापन झालेल्या असतात ती माणसे नेमकी हीच. एका हाताने ज्यांना द्यावयाचे त्यांच्याच माथी दुसऱ्या हाताने कर बसवावयाचा, हा व्यवहार विश्वस्त या शब्दाशी सुसंगत नाही.

ही गोष्ट अमूर्त वाटू नये म्हणून दोन ठिकाणांची नावे घेतो. मुंबईचा कचरा देवनारला १९२७ पासून टाकला जात आहे; त्या डोंगराच्या पायथ्याशी गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी येथील लोक संसार करतात, आणि जानेवारी २०१६ मध्ये तेथे आग भडकली तेव्हा तिचा धूर उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला. पुण्याच्या कचऱ्याचा भार उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे वाहिला, आणि आपल्या विहिरींच्या पाण्यासाठी व श्वासासाठी तेथील ग्रामस्थांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागले. याच पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाला प्रथमच संघटित प्रतिष्ठा लाभली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली व २००८ मध्ये तिचा महानगरपालिकेशी करार झाला. ओला आणि सुका कचरा वेगळा द्या, एवढीच या स्त्रियांची साधी मागणी आहे. कारण एकत्र कालविलेल्या कचऱ्यात हात घालणे म्हणजे काय हे त्यांनाच ठाऊक. ज्या संस्थांच्या भिंतींवर सेवेची सुवचने लावलेली आहेत त्यांपैकी किती कार्यालयांत ही मागणी पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या कार्यालयाची केराची पेटी उघडून पाहावे.

खरेदी हा नीतीचा विषय आहे, ही कल्पना महाराष्ट्राला बाहेरून शिकावी लागणार नाही. ती येथे दीडशे वर्षे नांदत आहे. पुणे सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली, आणि तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, ते १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून हातमागाच्या जाड्याभरड्या शुभ्र खादीत उपस्थित राहिले. सभोवार रेशीम आणि जरतार झगमगत असता त्यांनी अंगावर काय घालावे हा खाजगी आवडीचा प्रश्न मानला नाही. मी ज्या लोकांच्या वतीने येथे बसलो आहे त्यांच्या विणकराचे काय झाले, हे त्या वस्त्राने सांगावे असा त्यांचा हेतू होता. पुढे अंताजीपंत काळे यांनी पैशापैशाने निधी जमवून पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगावी उभा केला, त्याच्याही मुळाशी हीच श्रद्धा होती, की आपण काय विकत घेतो यावर कोण जगतो आणि कोण मरतो हे ठरते.

या विचाराला हिशेबाची शिस्त दिली ती जे. सी. कुमारप्पा यांनी. ते मूळचे तमिळ प्रांतातले, शिक्षणाने आणि व्यवसायाने लेखापाल, आणि कर्मभूमीने आपल्या वर्ध्याचे. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला तेव्हा मदतनिधीच्या हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. आणि खुद्द गांधीजी व त्यांची मंडळी कामासाठी पाटण्यास आली असता त्यांचा खर्चही त्यांनी त्या निधीवर पडू दिला नाही, अशी हकीकत सांगितली जाते. इतका कठोर जमाखर्च ठेवणारा हा मनुष्य त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्याला ग्रामोद्योग संघाच्या कामाला लागला, आणि तेथील मगनवाडीत बसून त्याने आग्रहाने मांडलेले सूत्र असे होते, की वस्तू विकत घेणारा त्या वस्तूच्या निर्मितीत झालेल्या अन्यायाचाही वाटेकरी होतो. तुरुंगात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ज्या अर्थव्यवस्थेला चिरस्थायी म्हटले तिचा पाया हाच. एक लेखापाल असे म्हणतो याला मी महत्त्व देतो. कारण पर्यावरणाचा विचार म्हणजे हिशेब सोडून भावनेच्या आहारी जाणे, असा जो समज विश्वस्त मंडळांत आढळतो, त्याचे उत्तर कुमारप्पांच्या आयुष्यात आहे. त्यांनी हिशेब सोडला नाही. तो पुरा केला.

मग आजच्या संस्था हा हिशेब अपुरा का ठेवतात? माझ्या मते याची कारणे तीन असून त्यांपैकी एकही दुष्टपणाचे नाही.

पहिले कारण असे, की प्रशासकीय खर्च कमी दाखविणे हे संस्थेच्या चारित्र्याचे लक्षण मानले जाते. देणगीदार विचारतो, माझ्या शंभर रुपयांपैकी किती प्रत्यक्ष गरजूपर्यंत पोचले? विदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन अशा निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. देणगीदाराचा प्रश्न योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की कार्यालयाचे छप्पर, पंखे, यंत्रे, कपाटे यांवर आज थोडा अधिक खर्च केल्यास पुढील दहा वर्षे बचत होईल हे दिसत असूनही तो आज करण्यास कोणी धजत नाही. दुसरे कारण मार्चअखेरचे. आयकराच्या नियमानुसार संस्थेने आपल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या त्या वर्षी उद्दिष्टांवर खर्चावा अशी अपेक्षा असते, अनुदान देणाऱ्यांना ३१ मार्चपर्यंत विनियोगाचा दाखला हवा असतो, आणि मग फेब्रुवारी संपता संपता न लागणाऱ्या वस्तूही घाईने खरेदी होतात. ही घाई टाळता येते. उत्पन्न विहित रीतीने पुढील वर्षांसाठी राखून ठेवण्याची सवलत कायद्यातच आहे. परंतु त्यासाठी ठराव करून मुदतीत अर्ज भरण्याऐवजी खुर्च्या घेणे सोपे जाते. तिसरे कारण असे, की विचारले जात नाही ते केले जात नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० चा, त्याखालील नियम १९५१ चे. त्या नियमांनुसार ५,००० रुपयांहून अधिक खर्चाच्या दुरुस्तीसाठी वा बांधकामासाठी निविदा मागविल्या होत्या काय, याचे उत्तर लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात द्यावे लागते. घेतलेली वस्तू किती वर्षे टिकली आणि टिकली नाही तेव्हा कोठे गेली, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी लहान आहे : तुलनात्मक तक्त्यात आणखी एक रकाना आखावा. त्या रकान्यात प्रत्येक पुरवठादाराच्या नावापुढे चार गोष्टींची उत्तरे लिहावीत. वस्तू किती वर्षे चालेल व तशी हमी लेखी आहे काय. ती बिघडल्यास याच शहरात दुरुस्त होईल काय व तिचे सुटे भाग मिळतील काय. ती चालविण्यास वर्षाकाठी वीज, शाई वा अन्य सामग्री किती लागेल. आणि आयुष्य संपल्यावर पुरवठादार ती परत घेईल काय. या चार उत्तरांसह दर वाचला की पुष्कळदा तांबडी रेघ आपोआप दुसऱ्या नावाखाली सरकते. आमच्या समितीने पुढील वर्षी दप्तरे घेताना हा रकाना आखला. एका महिला बचत गटाने जाड सुती कॅनव्हासची, दुहेरी शिवणीची, चेनीऐवजी पितळी आकड्यांची दप्तरे देऊ केली. त्यांचा दर अधिक होता, पण दोन वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी त्यांनी लेखी घेतली होती. आम्ही ती घेतली, आणि पुढच्या जूनमध्ये मुले तीच दप्तरे पाठीवर घेऊन आली.

पंख्यासारख्या साध्या वस्तूचे गणित मांडून पाहू. जुना छतपंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. बीएलडीसी मोटारीचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. दहा पंखे, दिवसाचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस असा हिशेब धरला तर वर्षाला १,०८० युनिटांची बचत होते. युनिटचा दर १० रुपये धरल्यास ही रक्कम १०,८०० रुपये होते. नव्या प्रकारचा पंखा साध्याहून बाराशे रुपयांनी महाग मिळतो असे मानले, तर दहांचा वाढीव खर्च १२,००० रुपये, म्हणजे तो सव्वा वर्षाच्या आतच भरून निघतो, आणि पंखा तर त्यापुढे कित्येक वर्षे चालणार असतो. ज्या तक्त्यात केवळ खरेदीचा दर असतो त्यात हा पंखा हरतो. ज्यात वीजही असते त्यात जिंकतो. आणि या बचतीचा दुसराही अर्थ आहे. आपल्याकडील विजेच्या प्रत्येक युनिटमागे सरासरीने पाऊण किलोच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ती वीज बव्हंशी चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते, आणि तेथील माणसे त्या धुराखाली राहतात. वातानुकूलन यंत्र जेथे अपरिहार्य असेल तेथे त्याचे तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, आणि जानेवारी २०२० पासून ताराचिन्हांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकली जातात. तो आकडा खाली आणण्याचे कष्ट आपण न घेतले तरी पुरे.

कागदाचेही असेच. कार्यालयात रोज वापरला जाणारा एक ताव सुमारे पाच ग्रॅमचा, आणि पाचशे तावांचे एक रिम अडीच किलोचे. शंभर पृष्ठांचा वार्षिक अहवाल दोन्ही बाजूंनी छापला तरी पन्नास ताव लागतात; त्याच्या हजार प्रती म्हणजे शंभर रिमे, अडीचशे किलो कागद, आणि त्यावर चकचकीत मुखपृष्ठ, प्लास्टिकचे पाकीट व टपालखर्च वेगळा. या हजारांतील किती प्रती उघडल्या जातात याचा अंदाज प्रत्येक कार्यवाहास मनोमन असतो. कायद्याला व सभासदांना आवश्यक तेवढ्याच प्रती छापाव्या, इतरांस अहवाल संगणकावरून पाठवावा, आणि ज्यांना हवा त्यांनी कळवावे अशी विनंती करावी, यात कोणाचा अवमान नाही. जेथे कागदाला मान द्यावयाचा असतो, मानपत्र असो की निमंत्रणपत्रिका, तेथे हातकागद वापरावा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करीत आली आहे, आणि जुन्नर व दौलताबादजवळील कागजीपुरा येथे कागद करणाऱ्यांची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे.

वस्तू घेण्याइतकेच वस्तू सांभाळणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक संस्थेत डेडस्टॉक रजिस्टर असते. शासकीय मराठीत त्याला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. तिच्यात वस्तूचा जन्म नोंदला जातो, पण पुढे एखाद्या दिवशी ‘निकामी, निर्लेखित’ असा शेरा पडतो आणि वस्तू इतिहासजमा होते. या नोंदवहीत दुरुस्तीच्या तारखा आणि अखेरचे गंतव्य असे दोन रकाने वाढविले तर संस्थेला आपल्या सवयींचा आरसाच मिळेल. विशेषतः संगणक, मुद्रक, बॅटऱ्या यांच्याविषयी हे अगत्याचे आहे, कारण भंगारवाल्याकडे वजनावर दिलेला संगणक पुष्कळदा एखाद्या झोपडीच्या अंगणात तांब्यासाठी उघड्यावर जाळला जातो आणि त्याचे विष तेथील मुलांच्या फुप्फुसांत जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम ज्यांच्याकडे अशी हजार वा अधिक उपकरणे आहेत त्या मोठ्या ग्राहकांना निकामी झाल्यावर ती नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार वा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच देण्याचे बंधन घालतात. लहान संस्थेपर्यंत हे बंधन पोचत नाही. परंतु जेथे कायद्याचा हात पोचत नाही तेथे विवेकाचा पोचावा, यासाठीच तर धर्मादाय संस्था असतात.

कार्यालयाबाहेर पडून समारंभाकडे आणि वाटपाकडे वळले तर चित्र अधिक गंभीर दिसते. गरिबांच्या मुलांना वह्या वाटावयाच्या, आणि त्या वाटपाचा फ्लेक्स मात्र असा, की जो एका सकाळपुरता टांगला जातो आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही. पाहुण्यांना द्यावयाचे स्मृतिचिन्ह ॲक्रिलिकचे, आणि फुलांभोवती प्लास्टिकचा कागद. रंगाने अक्षरे काढलेला कापडी फलक तारीख न लिहिता केला तर दहा वर्षे चालतो. पाहुण्याला एक चांगला ग्रंथ दिला तर तो घरी नेऊन वाचला जातो. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटल्यांवर व एकदाच वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर तशा वस्तूंची एक सूचीच निषिद्ध झाली. तरीही अन्नदानाच्या पंगती उठल्यावर मागे काय उरते ते आपण पाहतो. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण ही आपल्या पूर्वजांची गरज म्हणून निघालेली, पण आजही अजोड अशी सोय आहे. ती करणाऱ्या हातांना रोजगार मिळतो आणि जेवण झाल्यावर ती गुरांच्या वा मातीच्या स्वाधीन होते. गाडगे महाराज गावात आले की आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने पंगत घालणाऱ्याने पंगतीनंतरचे मैदान कसे दिसते यावरून आपले अन्नदान तपासावे.

आपत्तीच्या प्रसंगी तर विचाराला उसंतच नसते, असे म्हटले जाईल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर वेढले, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यातून मदतीचे ट्रक धावले; त्या औदार्याला तोड नाही. पाणी पिण्याजोगे नव्हते तेव्हा बाटलीबंद पाणी देणे हे कर्तव्यच होते, आणि त्याबद्दल मी कोणास बोल लावणार नाही. पण पूर ओसरल्यावर घराघरांतून निघालेल्या चिखलात आणि भिजलेल्या सामानात रिकाम्या बाटल्या, पिशव्यांचे थर आणि कोणाच्याही मापाचे नसलेले जुने कपडे यांचीही भर पडली, आणि ते उपसण्याचे काम आधीच खचलेल्या गावांवर आले. पूर दर वर्षी कोठे ना कोठे येणार हे आता आपणास ठाऊक आहे. म्हणून मदतीच्या संचाची यादी उन्हाळ्यातच ठरवावी. धान्य कापडी पिशवीत द्यावे, म्हणजे पिशवीही घरात उपयोगी पडेल. बाटल्यांची जागा शक्य तितक्या लवकर टाकी आणि पाणी शुद्ध करण्याच्या औषधाने घ्यावी. आणि ज्या ट्रकाने सामान जाते त्याच ट्रकाने रिकामे सामान परत आणण्याची तजवीज करावी. डोंगरातील पाड्यांवर सौर दिवे वाटणाऱ्यांनीही हीच दूरदृष्टी ठेवावी. दिव्याबरोबर तो दुरुस्त करणारा एक तरुण त्याच पाड्यात तयार झाला नाही, तर दोन पावसाळ्यांनंतर आपण त्या पाड्याला प्रकाश नव्हे, मेलेल्या बॅटऱ्या दिलेल्या असतात.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते प्रामाणिक असतात. पहिला असा, की पैसा आमचा नाही, देणगीदाराचा आहे. तो पृथ्वीच्या कल्याणासाठी नव्हे, विशिष्ट गरजूंसाठी दिलेला आहे, आणि त्यातून महाग वस्तू घेण्याचा अधिकार विश्वस्तांना नाही. वर मांडलेल्या पंख्याच्या आणि दप्तराच्या हिशेबात या आक्षेपाचे अर्धे उत्तर आले आहे : टिकाऊ वस्तू बहुधा महाग नसते, ती महाग दिसते. उरलेले अर्धे उत्तर असे, की जेथे ती खरोखरच महाग असेल तेथे विश्वस्तांनी ते देणगीदारास उघड सांगावे आणि त्याची संमती मागावी. कचरा वेचणाऱ्या स्त्रीच्या मुलीला शिकविण्यासाठी ज्याने पैसे दिले, त्याला त्या स्त्रीच्या डोक्यावरचे ओझे वाढू नये म्हणून दप्तरामागे काही रुपये अधिक द्या असे सांगितल्यास तो नाही म्हणेल, असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप असा, की कारखाने आणि महामार्ग यांच्यापुढे आमच्या चार पंख्यांची मातब्बरी ती काय? एका संस्थेपुरते हे खरे आहे. परंतु या राज्यात नोंदलेल्या विश्वस्त संस्थांची संख्या लाखोंच्या घरात आहे; त्यांत शाळा आहेत, रुग्णालये आहेत, देवस्थाने आणि वसतिगृहे आहेत, आणि त्या सर्वांनी मिळून केलेली खरेदी हा एक मोठा बाजार आहे. दुरुस्त होणारी वस्तू या बाजाराने मागितली तर ती करणारे पुढे येतील.

म्हणून तिघांस विनंती करून हा लेख संपवितो. विश्वस्तांनी पुढील सभेत, विषयपत्रिकेच्या शेवटी नव्हे तर आरंभी, एका पानाचा ठराव करावा : घेण्यापूर्वी वस्तू हवीच काय हे विचारू, उसनी वा जुनी मिळते काय ते पाहू, घेतली तर तक्त्यातील हा नवा रकाना भरून घेऊ, आणि वर्षअखेरीस विजेची युनिटे, कागदाची रिमे व निर्लेखित वस्तूंचे गंतव्य अहवालात छापू. लेखापरीक्षकांनी, ज्यांना विशेष उल्लेखनीय बाबी नमूद करण्याचा अधिकार आहे, त्यांनी या एका पानाकडे पाहावे. आणि देणगीदारांनी, शंभरांपैकी किती रुपये पोचले हे विचारताना, ते रुपये ज्या वस्तूंच्या रूपाने पोचले त्या वस्तू आज कोठे आहेत, हेही विचारावे.

त्या मुलीला आमच्या संस्थेची शिष्यवृत्ती अजून चालू आहे. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज येतो, आणि ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात तेच दोन शब्द त्याच वळणाने लिहिलेले असतात. आमच्या कार्यालयात आता दोन केराच्या पेट्या आहेत, आणि अर्जांचा गठ्ठा आम्ही दरपत्रकांच्या आधी उघडतो.